सलाईन लावलं की उठणारी कुत्री

“सलाईन लावलं की उठते ताई, चांगली खाते-पिते, पण महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच.” असं कुणी म्हणालं की मी पेन खाली ठेवते आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, सगळे रिपोर्ट मागते.

नाशिकला माझा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. आमच्याकडे पडलेल्या कुत्र्याला लावायची नावं ठरलेली असतात. ताप असला की गोचीड ताप, उलट्या-जुलाब असले की गॅस्ट्रो, क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की किडनी. बहुतेक वेळा ही नावं बरोबर ठरतात. आपल्या हवेत गोचिडांना तोटा नाही, आणि रस्त्यावर काय काय खाऊन येणाऱ्या कुत्र्यांचं पोट बिघडायलाही वेळ लागत नाही. पण एक आजार असा आहे, की तो या तिन्ही नावांच्या आड वर्षानुवर्षं बिनबोभाट राहू शकतो. कुत्रा दगावतो, मालक रडतात, आणि कागदावर ‘किडनी फेल’ एवढंच राहतं. या आजाराचं नाव ॲडिसनचा आजार. अॅड्रिनल ग्रंथी संप्रेरकं बनवायचं थांबवतात, तेव्हा तो होतो.

तो समजावून सांगायचा तर मला जिनीबद्दलच सांगायला हवं. जिनी ग्रेट डेन जातीची मादी, ५ वर्षांची, वजन ५० किलो. निफाड तालुक्यात द्राक्षबागेत राहते. राखणीला ग्रेट डेन आणायची हौस तिच्या मालकांची. त्यांना सगळेच आप्पा म्हणतात, मीही म्हणते. ग्रेट डेन हे राखणीचं कुत्रं आहे यावर माझा फारसा विश्वास नाही. चोर बॅटरी घेऊन आला तर ती बॅटरी धरायला मदत करील. पण ते असो.

जिनी पहिल्यांदा पडली ती ऑक्टोबर छाटणीनंतर, फवारण्यांचे दिवस चालू असताना. उलट्या, मागचे पाय लटपटणारे, अंगात थरथर. फवारणीचं औषध चाटलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. सलाईन लागलं, एक-दोन इंजेक्शनं झाली, दोन दिवसांत जिनी बांधावर धावायला लागली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा घड पिकले होते. या वेळी दोष द्राक्षांवर गेला. त्यातही तथ्य होतं, कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला खरोखरच घातक असतात. कुणाला किती बाधतील याचा नेम नसतो, म्हणून एकही देऊ नये. पुन्हा सलाईन, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा घरात लग्न होतं. मांडव, पाहुणे, डीजे. हळदीच्या दुसऱ्या दिवशी जिनी उठेचना. या वेळी रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. “मूत्रपिंडं गेली, आता हाल करू नका,” असा सल्ला मिळाला. आप्पांना तो पटला नाही. गाडीच्या मागच्या सीटवर गादी टाकून ते तिला माझ्याकडे घेऊन आले.

तिला टेबलावर घ्यायला चार माणसं लागली. हिरड्या पांढुरक्या, कान थंडगार, मांडीच्या आतली नाडी बोटाला जेमतेम लागणारी. ही शॉकची लक्षणं. शॉकमधल्या कुत्र्याचं हृदय जिवाच्या आकांताने धावत असतं, मिनिटाला दीडशेच्या घरात. जिनीचं ५२ होतं. जी कुत्री मरणाच्या दारात आहे, तिचं हृदय निवांत चालतंय, हे गणित जुळत नाही. ते जुळवणारी एक गोष्ट म्हणजे रक्तात प्रमाणाबाहेर वाढलेलं पोटॅशियम. ईसीजी लावला, तर पट्टीवर टी नावाची लाट उंच, टोकदार झालेली आणि पी नावाची छोटी लाट जवळजवळ नाहीशी झालेली. रक्ताचा नमुना समोरच्या, माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पळत पाठवला. सोडियम १२८, पोटॅशियम ८.

या दोन आकड्यांचा भागाकार करायचा असतो. निरोगी कुत्र्यात सोडियम पोटॅशियमच्या २७ ते ४० पट असतं. २७ च्या खाली आलं की संशय घ्यावा, २० च्या खाली गेलं की संशय फारच दाट होतो. जिनीचा भागाकार आला १६.

आता थोडं शरीराच्या आत जाऊ. दोन्ही मूत्रपिंडांच्या लगत, पाठीच्या कण्याखाली, या दोन अॅड्रिनल ग्रंथी असतात. मराठी पाठ्यपुस्तकं त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. मध्यम आकाराच्या कुत्र्यात त्या दोन-अडीच सेंटिमीटर लांब आणि जाडीला अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. सोनोग्राफीत डावी ग्रंथी भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्ये आवळलेली दिसते. तिचा गाभा ॲड्रिनॅलिन बनवतो. ते सगळ्यांना माहीत असतं, कारण ते सिनेमात असतं. पण गाभ्यावाचून प्राणी जगू शकतो. बाहेरच्या सालीवाचून जगू शकत नाही. ही साल दोन मोठी कामं करते. एक, अल्डोस्टेरॉन बनवणं. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं की सोडियम राखून ठेव आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर टाक. दोन, कॉर्टिसॉल बनवणं. रक्तातली साखर टिकवणं, रक्तवाहिन्यांचा ताण राखणं, आतड्याचं अस्तर शाबूत ठेवणं आणि कुठलंही संकट, भीती, दगदग आली की शरीराला त्यातून तारून नेणं, ही त्याची कामं.

अल्डोस्टेरॉन संपलं की सोडियम लघवीतून वाहून जातं आणि त्याच्यामागून पाणी जातं. रक्ताचं आकारमान घटतं, दाब पडतो, मूत्रपिंडांना रक्त पोचत नाही, म्हणून क्रिएटिनिन वाढतं. मूत्रपिंडं मुळात धडधाकट असतात, त्यांना रक्त कमी पडत असतं. शिवाय सोडियमअभावी ती लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे पाणी आटलेल्या कुत्र्याची लघवी पातळच येते, आणि ‘किडनी गेली’ हा समज आणखी पक्का होतो. इकडे पोटॅशियम साठत जातं आणि हृदयाची विजेची वाट अडवतं. कॉर्टिसॉल नसल्याने साखर पडते, उलट्या होतात, शौचातून रक्तही जाऊ शकतं. आणि लग्नाच्या डीजेला तोंड द्यायला शरीराकडे काहीच उरत नाही.

मग सलाईनने ती उठते कशी? साधं ०.९ टक्क्यांचं सलाईन म्हणजे पाणी आणि मीठ. सोडियम मिळतं, रक्ताचं आकारमान भरून निघतं, मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागतात, पोटॅशियम धुऊन जातं. ॲडिसनच्या कुत्र्याला नेमकं हेच हवं असतं. त्यात बहुतेक ठिकाणी सवयीने डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शनही दिलं जातं. तेही योगायोगाने याच आजाराचं औषध. म्हणजे निदान न होताच उपचार होतात. कुत्रं उठतं, डॉक्टर खूश, मालक खूश. ग्रंथी मात्र होती तशीच.

जिनीला त्या दिवशी आधी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश दिलं, नजर ईसीजीवर ठेवून. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला थोडा वेळ संरक्षण मिळतं. मग सलाईन, त्यासोबत ग्लुकोज, आणि डेक्सामेथासोन. प्रेडनिसोलोन मुद्दाम टाळलं, कारण कॉर्टिसॉलच्या तपासणीत यंत्र प्रेडनिसोलोनलाच कॉर्टिसॉल समजून मोजतं. डेक्सामेथासोनच्या बाबतीत ही फसगत होत नाही.

पक्क्या निदानाची चाचणी एकच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं संप्रेरक पाठवून ॲड्रिनलला कामाला लावते. त्याचाच कृत्रिम अवतार शिरेतून द्यायचा, किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. देण्याआधी एकदा रक्त घ्यायचं, तासाभराने पुन्हा. निरोगी कुत्र्यात कॉर्टिसॉलचा दुसरा आकडा उडी मारतो. ॲडिसनच्या कुत्र्यात दोन्ही आकडे डेसिलिटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या खालीच पडून राहतात. जिनीचे दोन्ही १ च्याही खाली होते. हे इंजेक्शन मिळवताना आम्हा जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरांची दमछाक होते. म्हणून आधी एक सोपी चाळणी लावता येते: साधं कॉर्टिसॉल एकदा मोजायचं. ते २ च्या वर असलं तर ॲडिसन जवळजवळ नाहीच, विषय संपला. खाली असलं तरच पुढच्या खटाटोपाला लागायचं, कारण काही निरोगी कुत्र्यांतही तो आकडा अधूनमधून खाली असतो.

नुसत्या सोडियम-पोटॅशियमच्या भागाकारावर शिक्का मारू नये, हेही सांगितलं पाहिजे. लघवी बंद झालेल्या खऱ्या किडनीच्या आजारात तो घसरतो, आणि व्हिपवर्म नावाच्या जंतांच्या जबर प्रादुर्भावातही घसरतो. एक आणखी भानगड. रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतलं आणि त्यातलं पोटॅशियम मोजलं, तर आकडा खोटा मोठा येतो, कारण त्या नळीतल्या रसायनातच पोटॅशियम असतं. उलट, या आजाराच्या दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त कुत्र्यांत सोडियम-पोटॅशियम अगदी नॉर्मल असतं. त्यांच्यात फक्त कॉर्टिसॉल संपलेलं असतं. अशी कुत्री कोसळत नाहीत, कुरकुरतात. आज खाल्लं नाही, उद्या उलटी, परवा ठीक, वजन हळूहळू उतरतंय. त्यांचं निदान सर्वांत उशिरा होतं. रक्ताच्या साध्या अहवालात एक खूण मात्र सापडते. आजारी, ताणाखालच्या कुत्र्याच्या रक्तात लिंफोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी कमी व्हायला हव्यात, कारण कॉर्टिसॉल त्यांना दाबतं. कुत्रं मरगळून पडलंय आणि या पेशी मजेत भरपूर आहेत, असं दिसलं की भुवया उंचावल्याच पाहिजेत. गोचीड तापासाठी आपण सीबीसी करतोच. तोच कागद जरा खालपर्यंत वाचावा, एवढंच माझं म्हणणं.

ग्रंथी का मरते? बहुतेक वेळा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटते. सालीचा ८५ ते ९० टक्के भाग नष्ट होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही, म्हणून आजार एका रात्रीत आल्यासारखा वाटतो. तरुण ते मध्यम वयाच्या कुत्र्यांत, आणि नरांपेक्षा माद्यांत तो जास्त आढळतो. स्टँडर्ड पूडल, पोर्तुगीज वॉटर डॉग, बिअर्डेड कोली या जातींत तो घराण्यातून उतरतो. ग्रेट डेन आणि रॉटवायलर यांच्यातही बऱ्यापैकी दिसतो. पण गावठी कुत्र्याला होत नाही असं समजू नये. कुठल्याही कुत्र्याला होऊ शकतो.

थॉमस ॲडिसन हा लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधला डॉक्टर. त्याने १८५५ मध्ये ११ रुग्णांवर एक पुस्तिका लिहिली. माणसं अशक्त होत जातात, पोट बिघडतं, हृदय मंद होतं, कातडी काळवंडते, आणि मेल्यावर उघडून पाहिलं तर मूत्रपिंडांवरच्या या चिमुकल्या ग्रंथी खराब झालेल्या. त्या काळात त्यामागे मोठं कारण क्षयरोग होतं. आपल्याकडे माणसांत ते कारण अजूनही पुसलं गेलेलं नाही. कुत्र्यांत कातडी काळवंडण्याची खूण सहसा दिसत नाही, नाहीतर आमचं काम बरंच सोपं झालं असतं. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, ब्राउन-सेकार याने प्राण्यांच्या या ग्रंथी काढून दाखवलं की त्यांच्याविना प्राणी मरतात. त्यानंतर माणसाचा हा आजार समजून घेण्यासाठी पाऊणशे वर्षं प्रयोगशाळांत कुत्र्या-मांजरांच्या अॅड्रिनल ग्रंथी काढल्या गेल्या. १९३० च्या सुमारास प्रिन्स्टनला स्विंगल आणि फिफनर यांनी ग्रंथीच्या सालीचा अर्क टोचून असे प्राणी जिवंत ठेवून दाखवले, आणि माणसांसाठी आशा निर्माण झाली. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइनने डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन हे सालीतलं संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं. १९५० चं नोबेल त्याला केंडल आणि हेंच यांच्याबरोबर मिळालं.

इतकी कुत्री या संशोधनात खर्ची पडली, पण कुत्र्याला हा आजार आपणहून होतो याची नोंद व्हायला १९५३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या विल्यम हॅडलो या पशुरोगतज्ज्ञाने ती केली. हाच तो हॅडलो, ज्याने १९५९ मध्ये मेंढ्यांचा स्क्रेपी आणि न्यू गिनीतल्या माणसांचा कुरू हे आजार एकमेकांसारखे आहेत असं लिहून सगळ्यांना चकित केलं. पशुवैद्याने माणसांच्या डॉक्टरांना शहाणं केल्याच्या गोष्टी मला नेहमी सांगाव्याशा वाटतात, म्हणून सांगितली. माणसांतला प्रसिद्ध रुग्ण म्हणजे जॉन केनेडी. १९४७ मध्ये लंडनला त्यांचं निदान झालं आणि ते रोज औषध घेऊन अमेरिकेचे अध्यक्ष झाले. निवडणुकीत मात्र हा आजार असल्याचं नाकारलं गेलं.

आता जरा नाजूक विषयाकडे येते, कारण आपल्याकडे माणसाच्या हातून होणारा ॲडिसन मला खऱ्या ॲडिसनपेक्षा जास्त वेळा भेटतो.

सिडकोत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा काळू. अस्सल गावठी, तरतरीत. पावसाळ्यात त्याला खाज सुटली. खाजेसाठी काही दिवसांपुरती प्रेडनिसोलोनची गोळी लिहून दिली गेली आणि जादू झाली, खाज गेली. गोळी संपली, खाज परत आली. बाईंनी जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवली, पुन्हा पाकीट मिळालं. असा सगळा हिवाळा गेला. काळू तांब्याच्या तांब्या पाणी पिऊ लागला, घरभर लघवी करू लागला, पोट लोंबलं. सूनबाई कावल्या. एका सोमवारी गोळी एकदम बंद. त्यानंतरच्या आठवड्यात काळूला उलट्या सुरू झाल्या आणि जिना चढताना तो मध्येच बसला.

बाहेरून रोज कॉर्टिसॉलसारखं औषध येत राहिलं की पिट्युटरी एसीटीएच पाठवायचं बंद करते. हुकूम येत नाही म्हणून ग्रंथीची साल झिजते. मग अचानक बाहेरचा पुरवठाही थांबला की कुत्र्याजवळ आपलंही नाही आणि परकंही नाही, अशी गत होते. यात अल्डोस्टेरॉन शाबूत असतं, त्यामुळे सोडियम-पोटॅशियम नॉर्मल येतं आणि तपासणाऱ्याला वाटतं, काहीच नाही. काळूला पुन्हा थोड्या डोसवर घेतलं आणि दोन महिन्यांत पायरी पायरीने उतरवलं. तो आता बरा आहे. खाजेचं खरं कारण पिसवा होत्या. त्यांचं औषध लागू पडलं.

हे फक्त गोळ्यांनीच होतं असं नाही. ‘एकच इंजेक्शन, महिनाभर खाज नाही’ म्हणून देतात ती लांब टिकणारी स्टेरॉइडं ग्रंथीला काही आठवडे झोपवून ठेवतात. त्यांच्यावर महिन्यामागून महिने काढणारी कुत्री मी पाहते. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. जिनी त्याच्यावरच जगते आहे. पण आठवड्या-दोन आठवड्यांहून जास्त दिलेलं स्टेरॉइड एका दिवसात कधी थांबवायचं नसतं. हा नियम दम्याच्या आजोबांना लागू आहे तसाच काळूलाही.

जिनीचा रोजचा उपचार सांगते, कारण आप्पांना जे प्रश्न पडले तेच सगळ्यांना पडतात. संपलेल्या दोन्ही संप्रेरकांच्या जागी दोन गोष्टी द्याव्या लागतात. अल्डोस्टेरॉनऐवजी फ्लुड्रोकॉर्टिसोन. ही माणसांचीच गोळी, १०० मायक्रोग्रॅमची. कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी जास्त लागते. ५० किलोच्या कुत्रीला दिवसाला ५ ते १० गोळ्या. जिनीला ८ लागतात, सकाळ-संध्याकाळ विभागून. म्हणजे महिन्याला २४०. मेडिकलवाल्याने पहिल्यांदा ती चिठ्ठी पाहून मला फोन केला होता, ‘मॅडम, शून्य जास्त पडलंय का?’ हिशेब ऐकून आप्पाही गप्प झाले. मग म्हणाले, “एका फवारणीचा खर्च धरायचा.” पॉमेरेनियन असती तर अर्ध्या-एका गोळीत भागलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

परदेशात राइखस्टाइनच्या त्या संयुगावर आधारलेलं, सुमारे २५ दिवसांनी एकदा द्यायचं इंजेक्शन मिळतं. अमेरिकेत कुत्र्यांसाठी ते १९९८ पासून मान्य आहे आणि सोडियम-पोटॅशियम ते जास्त चांगलं सांभाळतं. आपल्या नेहमीच्या औषध दुकानात ते सापडत नाही. तेव्हा गोळ्यांवर भिस्त.

दुसरं औषध प्रेडनिसोलोन, कॉर्टिसॉलऐवजी. हे अगदी थोडं, किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास, जिनीला ५ मिलिग्रॅमची एक गोळी. डोस जास्त झाला की काळूसारखं पाणी पिणं आणि लोंबतं पोट सुरू होतं, म्हणून कमीत कमी कितीत भागतं ते शोधावं लागतं. “मग जेवणात मीठ वाढवू का?” हा प्रश्न ठरलेला. पूर्वी, औषधं नव्हती तेव्हा, माणसांना जादा मीठ देऊनच काही काळ तगवत. आता संप्रेरक व्यवस्थित मिळत असेल तर मिठाची गरज सहसा पडत नाही. औषधाऐवजी मीठ तर नाहीच नाही.

सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम बघून डोस बसवायचा, मग महिन्याने, घडी बसली की तीन-सहा महिन्यांनी. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशी २०५ कुत्री होती. निदानानंतर ती किती जगली, त्याचा मध्यांक ४.७ वर्षं आला. निदान होतं तेव्हा कुत्रं बहुधा चार-पाच वर्षांचं असतं, हे लक्षात घेता हा आकडा मला समाधानकारक वाटतो. ग्रेट डेनचं तर एकूण आयुष्यच आठ-दहा वर्षांचं.

प्रेडनिसोलोनबाबत आणखी एक गोष्ट आप्पांच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. निरोगी कुत्रं घाबरलं की त्याची ग्रंथी जास्तीचं कॉर्टिसॉल सोडते. जिनीची ग्रंथी सोडणार नाही, म्हणून ते आपण द्यायचं. दिवाळीच्या आदल्या दिवसापासून फटाके संपेपर्यंत प्रेडनिसोलोन दुप्पट. गणपती मिरवणुकीचे ढोल-ताशे, घरात लग्न, लांबचा प्रवास, दुसऱ्यांकडे ठेवणं, एखादी शस्त्रक्रिया, अगदी नखं कापायला दवाखान्यात नेलं की थरथरणारं कुत्रं असेल तर तेवढ्यापुरतीसुद्धा दुप्पट. फ्लुड्रोकॉर्टिसोन मात्र वाढवायचं नाही, ते आहे तेवढंच. गोळी दिली आणि कुत्र्याने ओकून टाकली, असं दोनदा झालं तर घरी बसायचं नाही, इंजेक्शनासाठी दवाखाना गाठायचा. आणि दोन्ही गोळ्यांचा महिनाभराचा साठा घरात हवाच. पुराने रस्ता बंद झाला किंवा दुकानात माल आला नाही, ही सबब शरीराला कळत नाही. आप्पांच्या सूनबाईंनी जिनीच्या पट्ट्याला एक पितळी बिल्ला लावून घेतलाय. त्यावर नाव, मोबाइल नंबर आणि ‘ॲडिसन, रोज स्टेरॉइड’ एवढंच कोरलंय. मला तो फार आवडला, मी आता सगळ्यांना तसा करायला सांगते.

काही जण निदान ऐकल्यावर विचारतात, की जन्मभर गोळ्या द्यायच्या तर यात कुत्र्याचे हाल नाहीत का? नाहीत. गोळ्या वेळेवर मिळणारं ॲडिसनचं कुत्रं इतर कुत्र्यांपासून वेगळं ओळखू येत नाही. पळतं, भुंकतं, चोरून खातं. जन्मभर औषध लागणाऱ्या आजारांत यापेक्षा कमी त्रासाचा आजार माझ्या कामात फारसा नाही. हाल होतात ते निदान न झालेल्या कुत्र्याचे, आणि सर्वांत वाईट म्हणजे मूत्रपिंडं गेली असं समजून ज्याला कायमचं झोपवलं जातं त्याचे.

म्हणून मेडिकलवाल्या दादांना एक विनंती. प्रेडनिसोलोन शेड्यूल एच मधलं औषध आहे. कुत्र्याच्या खाजेची मागच्या वर्षीची चिठ्ठी घेऊन कुणी आलं, तर पाकीट देऊ नका, डॉक्टरकडे परत पाठवा. आणि कुत्री पाळणाऱ्यांना एवढंच, की आपलं कुत्रं सलाईनवर उठतंय आणि काही दिवसांनी पुन्हा पडतंय असं दुसऱ्यांदा झालं, तर तिसरी बाटली चढण्याआधी रक्त काढायला सांगा आणि सोडियम, पोटॅशियम, कॉर्टिसॉल हे तीन शब्द डॉक्टरांसमोर स्वतः उच्चारा. पहिले दोन कुठलीही माणसांची लॅब त्याच दिवशी करून देते. नळी जांभळ्या बुचाची नसावी, हेही सांगा.